राइस मिलमधला अंधार : वडशाजवळ चार दिवस

पहिला दिवस : चुना आणि बारदाना

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. चहापाण्यासकट चार तास धरावेत. कागदोपत्री हे देसाईगंज, पण झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याची, नाटकं पाहणाऱ्यांना ते वडसा म्हणूनच ठाऊक. दिवाळी झाली की इथल्या नाट्यमंडळांच्या गाड्या गावोगाव निघतात, त्या होळीच्या आसपास थांबतात. रात्री दहाला सतरंजीवर बसायचं आणि उजाडता उजाडता उठायचं, हा इथल्या प्रेक्षकाचा शिरस्ता. व्हिडिओकलेचं प्रदर्शन याच मुलखात, याच हंगामात लावणाऱ्यांना माणसांची नाडी बरोबर सापडली आहे. भिंतीवर किंवा टीव्हीवर चित्रफिती मांडणाऱ्या या कलेला प्रेक्षकाकडून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे वेळ.

प्रदर्शन वडशापासून पाऊण तासावरच्या एका गावात, मामा तलावाच्या पाळीखाली बंद पडलेल्या राइस मिलमध्ये आहे. (माजी मालगुजारीतले ते मामा तलाव.) धान उतरवायचं मोठं गोदाम, त्याला लागून यंत्राची खोली, मागे तुसाची कोठी, पुढे वजनकाट्याची पडवी. भिंती विटामातीच्या, वर टिनाचं छप्पर. कामं सहा.

उघडण्याच्या आदल्या दिवशी पोहोचलं तर जास्त कळतं. खोली किती काळी, भिंत कशी, आवाज कुठून येतो, बसायला काय आहे, यातलं एक जरी चुकलं तरी काम उभं राहत नाही, आणि चुकलेलं सगळं आदल्या दिवशीच दिसतं.

इथे पहिली चूक निळीची निघाली. गावात भिंत पांढरीशुभ्र दिसावी म्हणून चुन्यात नीळ टाकतातच, तशी इथेही टाकली होती. उन्हात ती छान दिसते. प्रोजेक्टरचा पांढरा मात्र मुळातच थोडा निळसर असतो. त्यात भिंतीची नीळ मिळाली की माणसाचा चेहरा थंडीने काकडल्यासारखा दिसायला लागतो. प्रोजेक्टरच्या मेनूत रंग फिरवून ते पूर्ण जात नाही, कारण निळा कमी केला की उजेडही कमी होतो. दुपारी त्या भिंतींवर निळीशिवाय, थोडा डिंक घालून चुन्याचे दोन हात मारले. रात्रभर वाळवणं भाग होतं. ओल्या चुन्यावर चित्र करडं आणि डागाडागांचं दिसतं. ऑइलपेंटच्या भिंतीवर हा खटाटोपच करू नये. मधोमध उजेडाचा गोळा चमकतो आणि कडेला बसणाऱ्याला काही दिसत नाही.

मोजमाप इथे नीट केलेलं होतं. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५, भिंतीपासून अंतर ६ मीटर. भागाकार केला की चित्राची रुंदी ४ मीटर. १६:९ ने उंची सव्वादोन मीटर. म्हणजे ९ चौरस मीटर. प्रोजेक्टरचा ३,५०० लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप) उजेड त्यावर पसरला की चौरस मीटरला ३९० लुमेनच्या आसपास पडतो. अंधारात तो भरपूर. पण गोदामाचं एक दार उघडं राहिलं तर दिवसाचा तेवढाच उजेड आत येतो आणि चित्रातला काळा रंग राखेसारखा होतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. काळा म्हणजे खोलीचा अंधार, आणि तो आपणच तयार करावा लागतो.

तो अंधार इथे बारदान्याने केला आहे. धानाचे रिकामे पोते उसवून, दुहेरी शिवून दारांना टांगले. एका पडद्यानंतर सव्वा मीटर सोडून दुसरा. पहिला उचलून आत यायचं, तो पडू द्यायचा, मगच दुसरा उचलायचा. उरलेला बारदाना टिनाखाली आडवा बांधला. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, बोललेलं शब्दावर शब्द चढून ऐकू येतं. बारदान्याने ते बरंच बसलं. बसायला त्याच पोत्यांत तणस (धानाचा पेंढा) भरून गाद्या केल्या आहेत. तणस पेट घ्यायला वेळ लावत नाही, म्हणून प्रत्येक खोलीत वाळूच्या दोन बादल्या आणि विडी-सिगारेट पडवीच्याही बाहेर. पोते वापरण्याआधी दोन दिवस कडक उन्हात टाकायला हवे होते. तेवढं राहून गेलं. संध्याकाळपर्यंत किडे अंगावर चढायला लागले.

दुसरा दिवस : पडवी, बांधी, ढीग

पडवीत जुना डब्बा टीव्ही. वर एक छोटा कॅमेरा, दाराकडे तोंड करून. आत शिरणाऱ्याला टीव्हीत रिकामी पडवी दिसते. तो पुढे येतो, वाकून पाहतो, आणि मग टीव्हीत कुणीतरी दारातून आत येतं: तोच, आठ सेकंदांपूर्वीचा. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), आठ सेकंदांच्या २०० चौकटी संगणक साठवतो आणि सर्वात जुनी आधी सोडतो, एवढंच यंत्र. १९७० च्या दशकात कलावंत हेच काम दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून करत. एकावर नोंदवलेली टेप तशीच पुढे जाऊन दुसऱ्यावर वाजायची. दोघांमधलं अंतर जितकं, तितका उशीर. अमेरिकन कलावंत ब्रूस नॉमनने १९७० मध्ये अरुंद बोळाच्या टोकाला टीव्ही ठेवले आणि कॅमेरा बोळाच्या तोंडाशी, माणसाच्या पाठीमागे लावला. टीव्हीकडे जावं तसं स्वतःचं चित्र लहान होत जाई. तिथे माणूस एकटा पडतो. इथे उलट झालं. मुलं पाच मिनिटांत उशिराची मोजणी शिकली आणि स्वतःच्याच मागे उभं राहून स्वतःला खुणवायला लागली. एका आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला, टीव्हीत पाहिलं, तर पदर अजून घसरलेलाच. ती जागची हलली नाही. आठ सेकंद थांबून, टीव्हीतली बाई पदर सारखा करते की नाही ते पाहून मगच पुढे गेली. या कामाला याहून चांगला प्रेक्षक मिळणार नाही.

डब्बा टीव्ही वापरण्यात एक धोका होता आणि तो आलाच. एका पोराने स्पीकरमधलं चुंबक आणून काचेला लावलं. चित्र त्या बाजूला ओढलं गेलं आणि कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग उरला. कोरियन कलावंत नाम जून पाइकने १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुपर्टाल इथे बिघडवलेले, वळवलेले टीव्ही मांडले, तिथून या कलेचा इतिहास सांगायची पद्धत आहे, आणि पुढे त्याने टीव्हीवर चुंबक ठेवूनही काम केलं. त्या पोराचा हात त्याच वाटेने गेला. रंगीत टीव्हीच्या काचेमागे भोकाभोकांची पातळ पोलादी जाळी असते, ती चुंबकीय झाली की डाग टिकतो. टीव्ही बंद करून वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. सुरू होताना आतली गुंडाळी जाळी साफ करते. इथे दोनदा करावं लागलं. आणखी एक: असा टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या खातो. अगदी खाली लिहिलेली मराठी ओळ अर्धी कापली जात होती, ती वर सरकवून फाईल नव्याने काढावी लागली.

मोठ्या गोदामात दोन भिंती शेजारी शेजारी, दोन चित्रं. डावीकडे रोवणी (धानाची लावणी), उजवीकडे त्याच बांधीतली, म्हणजे धानाच्या खाचरातली, कापणी. कॅमेरा दोन्ही वेळी एकाच खुंटीवर, एकाच उंचीवर; पावसाळ्यात ठोकलेली खुंटी धान कापेपर्यंत तशीच ठेवली होती. चेहरे नाहीत, फक्त हात. डाव्या चित्रात अंगठा आणि दोन बोटं पऱ्ह्याची (धानाच्या रोपांची) जुडी सोडवतात, चार-पाच काड्या चिखलात खोचतात, आणि बोट बाहेर येताना चिखल त्या भोकावर हळूच मिटतो. नेमक्या त्या क्षणी, भिंतीवर नेमक्या त्याच जागी, उजव्या चित्रात विळा लागतो. १४ मिनिटांत हे किती वेळा घडतं ते मोजू नये, नुसतं बसावं. पंधरा-वीस वेळांनंतर मधले चार महिने डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते दोन्ही चित्रांपैकी एकातही नाहीत. प्रदर्शनातलं सर्वांत मोठं काम आमच्या मते हेच. आमच्याशेजारी बसलेल्या बाई हात पाहून म्हणाल्या, “हे डावखोरी व्हय जी. रांगेत इच्या शेजारी कोनी राह्यत नाही.” हे कॅटलॉग लिहिणाऱ्याच्या नजरेला पडलेलं नव्हतं.

दुपारी दोनला हेच काम मोडलं. विळा यायच्या आधीच जुडी खोचली जात होती. फाईल चालवणारे दोन प्लेअर स्वतंत्र चालत होते. प्रत्येक फेरी संपून पुन्हा सुरू होताना दोघांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडायचा. सकाळी दहापासून सतरा फेऱ्या झाल्या, म्हणजे आठ सेकंदांहून जास्त. जिथे सगळा अर्थ एका क्षणात आहे तिथे आठ सेकंद म्हणजे कामच नाही. दोन प्लेअर नेटवर्कच्या वायरने जोडले, एक पुढारी केला, दुसरा प्रत्येक फेरीला त्याच्या हुकमाने सुरू होतो, मग जुळलं. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही चित्रं मिळून ३,८४० बाय १,०८० ची एकच रुंद फाईल करून ती शेवटी दोन प्रोजेक्टरना वाटणं. तो जास्त भरवशाचा, पण त्यासाठी वेगळी पेटी लागते आणि ती सोबत नव्हती. हे जोडताना आणखी एक गोष्ट निघाली. फाईल २५ चौकटींची, प्लेअर ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवेल असा, लावलेला. त्यामुळे हात सरकताना बारीक ठेचकाळत होते. ५० हर्ट्झ केल्यावर पाण्यातून हात वाहावा तसा वाहिला.

यंत्राच्या खोलीत जमिनीवर धानाचा ढीग, त्यावर एका म्हातारीचा चेहरा. ती धानाच्या जाती मोजते. चिन्नोर, लुचई, एचएमटी. एचएमटी हे नाव याच भागात पडलं: नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून निवडत निवडत ही जात काढली आणि मनगटी घड्याळाच्या नावावरून तिला हे नाव मिळालं. ढीगही एचएमटीचाच, दहा कट्टे, म्हणजे चार क्विंटल. दोन मीटर रुंद, गुडघ्याच्या वर उंच. बियाणं आणि व्हिडिओ एकत्र मांडणं नवं नाही. चित्रपटकार अमर कंवर यांनी ओडिशातल्या जमिनीच्या लढ्यावरच्या ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’मध्ये २०१२ साली धानाचं बियाणं चित्रपटासोबत ठेवलं होतं. तिथे बियाणं साक्षीदार होतं. इथे ते पडदा आहे, आणि पडदा हलतो. धान पस्तीस-चाळीस अंशांच्या उतारावर थांबतं; शेजारून ट्रॅक्टर गेला की थोडे दाणे घरंगळतात आणि म्हातारीच्या गालावरची सुरकुती जागा बदलते.

जवळ बसून पाहिलं तर हे काम दाण्यादाण्याने बनलेलं दिसतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात पंचवीस-तीस दाणे, प्रत्येकाची एक बाजू उजळ, दुसरीला कुसळाएवढी सावली. धान पिवळं असल्यामुळे निळा रंग खाऊन टाकतं, म्हणून तिचे डोळे तणसीच्या रंगाचे दिसतात. कलावंताने ते दुरुस्त केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. फोकस नाकावर धरला आहे. ढिगाची उंची ७० सेंटिमीटर, कान साहजिकच पुसट.

प्रोजेक्टर छताला उलटा, तोंड खाली करून टांगता येत नव्हता. दिव्याचे बरेच प्रोजेक्टर तसे चालवले की दिवा तापून लवकर जातो. म्हणून तो आडवा ठेवून आरशाने प्रकाश खाली वळवला. आधी साधा घरातला आरसा लावला, तर प्रत्येक पापणी दोनदा दिसायला लागली. साध्या आरशात चांदी काचेच्या मागे असते. मुख्य चित्र चांदीवरून परततं आणि फिकट दुसरं काचेच्या पुढच्या पृष्ठावरून. पुढच्या बाजूने मुलामा असलेला आरसा लागतो. जुन्या मोठ्या प्रोजेक्शन टीव्हीच्या पोटात तसा मिळतो, तोच काढून लावला. त्याला बोट लावू नये, फडक्याने पुसू नये. धूळ फुंकायच्या रबरी पंपाने उडवावी. या खोलीत धूळ म्हणजे तूस आणि कोंडा, तीही अखंड. प्रोजेक्टरची जाळी दिवसातून दोनदा ब्रशने साफ केली नाही तर तापमानाचा लाल दिवा लागतो आणि तो आपणहून बंद होतो. दुपारी तसं एकदा झालंच.

पुढच्या खोलीत नदीवरचं ड्रोनचं चित्रण, वर सरकत्या ओळी, सहा मिनिटं. वाळूचे रंग सुरेख आहेत. पण वरून पाहणाऱ्या डोळ्याला कुठेच थांबावं लागत नाही, आणि ओळी आपल्याला काय वाटावं ते आधीच सांगून टाकतात. इथे कुणी बसलं नाही. बसायला गादी असूनही.

तिसरा दिवस : जागल आणि तिसरी घंटा

पाचवं काम तुसाच्या कोठीत. नऊ मिनिटं, जवळजवळ पूर्ण अंधार. ब्रह्मपुरीच्या या पट्ट्यात रात्री शेतावर जागल करणं म्हणजे रानडुकरांचं भय आणि त्यामागून वाघाचं. चित्रात फक्त टॉर्चचा झोत, तोही मधूनच, धानाच्या कडेवर आणि झाडाच्या बुंध्यावर. आवाज चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरमधून. एका मचाणावरून हाक, दूरच्या दुसऱ्या मचाणावरून उत्तर, मधे पाचोळा. तिसऱ्या हाकेला उत्तर येत नाही. पुढची दोन मिनिटं भिंतीवर काहीच नाही, आणि तेवढा वेळ खोलीतला प्रत्येकजण श्वास धरून उत्तराची वाट पाहतो.

निदान वाट पाहायला हवी. दुसऱ्या दिवशी मात्र त्या दोन मिनिटांत जनरेटर ऐकू येत होता. तो कोठीच्या भिंतीलाच, सात मीटरवर उभा होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो: ७ मीटरवर ७० असेल तर १४ वर ६४, २८ वर ५८, ५६ वर ५२. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तलावाच्या पाळीपलीकडे, साठ मीटरवर नेला. पाळीच्या मातीने उरलेला आवाजही अडवला. वायर लांबली की विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो, हेही पाहावं लागतं. पाच प्रोजेक्टर आणि बाकी सगळं मिळून १,८०० वॅट, म्हणजे आठ अँपियर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने साठ मीटरवर सतरा व्होल्ट गेले असते, अडीचच्या वायरने सातच जातात. अडीचची घेतली. मग स्पीकरमधली बारीक गुणगुण राहिली होती. अॅम्प्लिफायर एका बोर्डावर, प्लेअर दुसऱ्यावर, दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेने. दोन्ही एका बोर्डावर आणताच ती गेली.

संध्याकाळी पावणेसातला लाइन आली-गेली करू लागली. उन्हाळी धानाची तयारी चालू, मोटारी लागलेल्या. स्टॅबिलायझरवर १७० व्होल्ट दिसत होतं. प्रोजेक्टर अचानक मेला तर पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच भाजत राहतो. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टरला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस आहे. त्याचं काम प्रदर्शन चालवणं नाही, जनरेटर सुरू होईपर्यंतची दोन-तीन मिनिटं पंखा फिरत ठेवणं आहे. पडवीतला टीव्ही यूपीएसवर नव्हता. तो विझला, आणि मुलं त्या काळ्या काचेसमोर आठ सेकंद मोजत उभी राहिली.

रात्रीचं काम गोदामाच्या दुसऱ्या भिंतीवर. एकाच जागी रोखलेला कॅमेरा, ४० मिनिटांचं एकच दृश्य: तिन्हीसांजेला नाटकाचा मांडव उभा राहतो. बांबू, ताडपत्री, रंगमंचाच्या फळ्या. सव्विसाव्या मिनिटाला पहिला बल्ब लागतो. माणसं येऊन सतरंज्या टाकतात, पोरं दोरीखालून पुढे घुसतात. एक घंटा, दुसरी घंटा. तिसऱ्या घंटेला चित्र संपतं. ही फाईल ६ जीबीची, आणि एफएटी ३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही. एक्सएफएटी करून ती घेतली. दोन फेऱ्यांच्या मधे प्लेअर काळ्याऐवजी निळा पडदा दाखवत होता, ते पाहताच गोदामातली सगळी माणसं उठायला लागायची. फाईलच्या शेवटी वीस सेकंदांचा काळा तुकडा जोडून आणि प्लेअरची पाटी बंद करून ते थांबवलं.

पहिली पंधरा मिनिटं चित्र फार गडद आहे. चुन्याच्या भिंतीवर सांजवेळेचे राखी थर एकमेकांत मिसळतात. हे चित्रीकरणातलं उणं आहे, भिंतीवर ढकलता येणार नाही. तरीही साठ-सत्तर माणसं शेवटपर्यंत बसली. बरीच घरून सतरंज्या घेऊन आली होती आणि चित्रातली माणसं सतरंज्या टाकायच्या आधीच यांनी टाकल्या. शहरातल्या दालनात लोक अशा कामासमोर मिनिटभर उभे राहून निघतात, आणि मग कलावंतही मिनिटभरात कळेल असं काम करायला लागतात.

फेरी ही गोष्ट मात्र इथे कुणाला पटली नाही. मधेच आलेल्या एका आजोबांनी दारातच विचारलं, “सुरुवातीपासून लावून द्या ना जी. अर्ध्यातून कोनी नाटक पाह्यते का?” दालनांमधला रिवाज असा की कधीही यावं, कधीही जावं. या कामासाठी तो रिवाज चुकीचा आहे आणि आजोबा बरोबर आहेत. पहिला बल्ब लागण्याचा आनंद अंधारात बसलेल्यालाच मिळतो. त्याच रात्री दाराशी फळा टांगला आणि खडूने पुढच्या खेळांच्या वेळा लिहिल्या. रोवणी-कापणीला फळ्याची गरज नाही, तिथे कुठूनही बसलं तरी चालतं. कोणतं काम कसं पाहायचं हे कामागणिक ठरवायला हवं.

तिसऱ्या घंटेनंतर अंधारात कुणीतरी विचारलं, “अन् नाटक?” मागून उत्तर आलं, “त्यासाठी गावात जा लागते, भाऊ.”

चौथा दिवस : आवरताना

दुपारपर्यंत सगळं उतरलं. धान परत दहा कट्ट्यांत भरून ज्याचं त्याच्या घरी गेलं; वजन केलं तर किलो-दीड किलो कमी भरलं, उंदरांनी नेलं असावं. त्यांनी एक एचडीएमआय वायरही कुरतडली होती. गोदामात वायर पीव्हीसी पाइपातूनच न्यावी. तणस गुरांना, बारदाना उन्हात.

रोवणी-कापणीचं काम आता महिनाभर गावच्या शाळेत राहणार आहे, दोन प्रोजेक्टर, दोन प्लेअर आणि स्टॅबिलायझरसह. चालवणार नाट्यमंडळातली दोन मुलं. त्यांच्यासाठी बोर्डाशेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं आहे: आधी स्टॅबिलायझर. काटा २०० च्या वर आला तरच पुढे. मग दोन्ही प्रोजेक्टर, त्यांचा उजेड भिंतीवर आला की नेटवर्कची वायर पाहून प्लेअर. आधी प्लेअर लावला तर तो चुकीचं माप धरतो. बंद करताना प्लेअर, मग प्रोजेक्टर, आणि पंख्याचा आवाज थांबेपर्यंत मेन काढायचा नाही. त्याखाली मुलांनी स्वतःहून एक ओळ जोडली आहे: जुडी अन् विळा एका वक्ताले नाही आला तर बंद करून पुन्हा लावा.